ब्लॅकआउट पडदे: कापडाला पैकीच्या पैकी, रिंगांना शून्य

पाऊस ओसरल्यावर हॉलचे ब्लॅकआउट, म्हणजे ऊन-उजेड अडवणारे जाड पडदे धुवायला काढले आणि रॉड ओवायच्या प्रत्येक रिंगेभोवती तपकिरी वर्तुळ दिसलं. क्रीम रंगावर ते लांबूनही डोळ्यात भरतं. दुकानात घेऊन गेले तर उत्तर मिळालं, "गॅरंटी कापडाची आहे, ॲक्सेसरीची नाही. आणि हे तुमच्या धुण्यामुळे झालंय." मग पडदा धुवायचाच नाही का? पणजीत दुकान थाटून पडदे विकताय, तर ते इथल्या हवेत टिकायला नकोत? बराच वेळ हुज्जत घातल्यावर पदरात काय पडलं, तर पैसे भरून तशाच नव्या रिंगा बसवून मिळतील. पडदे उचलले आणि घरी आले.

त्या दिवशी लिहायला बसले असते तर एक तारा दिला असता. पण फोंड्याला नणंदेकडे हेच पडदे आहेत, याच दुकानातले, याच रिंगांचे. दिवाळीत गेले तेव्हा खुर्चीवर चढून बघितले. तिच्या रिंगांची चमक थोडी उतरलीय, पण कापडावर डाग नाही. पाऊस तर तिकडेही धो धो पडतो. फरक समुद्राचा. आमचं घर ताळगावात, खिडकी पश्चिमेला, संध्याकाळी खारा वारा थेट घरात. हवेतलं मीठ धातूवर बसतं, ओल धरून ठेवतं आणि लोखंड आतून खात जातं. तेव्हापासून कापडावरचा माझा राग गेला. तो सगळा रिंगांवर आलाय.

एक रिंग उचकटून पाहिली. तिचे दोन भाग असतात, पुढचा आणि मागचा. मध्ये कापड ठेवून ते दाबून एकमेकांत अडकवतात. वरून स्टीलसारखी चकचकीत, पण चकाकी फक्त मुलाम्याची. आतली कापलेली कड उघडी, तिथे मुलामा जवळजवळ नाहीच, आणि नेमकी तीच कड कापडाला चावून बसलेली. पडदा धुतला की पाणी तिथे सर्वांत जास्त वेळ राहतं. शिवाय रॉडवर रोज मागेपुढे घासून आतल्या बाजूचा मुलामाही उडतो. गंज बाहेर दिसेपर्यंत डाग कापडात मुरलेला असतो.

म्हणून पडदे घ्यायला जाताना पर्समध्ये फ्रिजवरचं लोहचुंबक टाका. रिंगेला चिकटलं तर आत लोखंड आहे, दुकानदार काहीही म्हणो. पितळ, ॲल्युमिनियम आणि प्लास्टिकला ते चिकटणार नाही. रॉडलाही लावून बघा. आमचा रॉड चांगल्या स्टेनलेस स्टीलचा निघाला म्हणून वाचला. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी सरळ प्लास्टिकच्या रिंगा घ्याव्यात. शिवणाच्या सामानाच्या दुकानात त्या सुट्या मिळतात, आणि दीड इंची रिंग एक इंची रॉडला आरामात होते. जुन्या काढायला मागून स्क्रू ड्रायव्हर पुरतो. संख्या मात्र समच ठेवा, नाहीतर एका टोकाची कड भिंतीकडे आणि दुसऱ्या टोकाची खोलीकडे वळते.

डागांवर ब्लीच ओतू नका, गंजाचा डाग त्याने आणखी पक्का होतो. लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवलं, मग भरपूर पाण्यात खळबळून काढलं, दोन-तीनदा केल्यावर डाग बराच फिका झाला. रंगीत कापड असेल तर आधी एखाद्या कोपऱ्यावर करून बघा.

कापड खरंच उत्तम आहे. ब्लॅकआउटमध्ये दोन जाती. एकात मागे लेप असतो, हाताला रबरासारखा लागतो. दमट हवेत तो चिकट होतो, धुताना त्याचे पोपडे सुटतात आणि बुरशी धरते. दुसऱ्यात काळा धागा कापडातच विणलेला असतो. आमचे हे दुसरे. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर हॉलमध्ये नुसत्या पंख्यावर बसता येतं, यासाठी पैकीच्या पैकी. फक्त सहा फुटी रॉडला निदान बारा फूट कापड हवं. रेडिमेड पडदा चार फुटी, म्हणजे तीन लागतात. "जोडीत भागतं" हे ऐकू नका. चुण्या पडल्या नाहीत तर मधल्या फटीतून ऊन आत येतंच.

चिऱ्याच्या भिंतीत ब्रॅकेट बसवताना ड्रिलबरोबर नुसती लाल माती येते आणि प्लग हलत राहतो. खिडकीवर काँक्रीटचा लिंटेल, म्हणजे आडवी तुळई असते, तिथे भोक पाडायला लावा. सुतार कुरकुर करील, करू दे. आणि पडदा फरशीपासून इंचभर वर हवा. पावसात लादी ओली राहते, खालची पट्टी पाणी ओढते आणि काळे ठिपके सुरू होतात.

चतुर्थीच्या साफसफाईत जाड पडदे धुवायला काढू नका. त्या पावसात ते दोन-दोन दिवस सुकत नाहीत, कुबट वास धरतात आणि तेवढा वेळ रिंगा ओल्याच. मेमध्ये एकदा, पाऊस गेल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात एकदा, पुरे. चतुर्थीला पाहुण्यांसाठी पातळ सुती जोडी वेगळी ठेवावी, ती कशीही सुकते.

बेडरूमसाठी हेच कापड घेणार आहे, पण त्या दुकानातून नाही. ताग्यातून कापून आणीन, आमच्या टेलरकडून शिवून घेईन, आणि रिंगा मी स्वतः नेऊन देईन.