स्ट्रॅटचे नॉब की लेस पॉलचे?
स्ट्रॅट म्हणजे स्ट्रॅटोकास्टर, ती आणि लेस पॉल ह्या दोन इलेक्ट्रिक गिटार. स्ट्रॅटोकास्टरचा व्हॉल्यूम नॉब तारांच्या इतका जवळ असतो की वाजवता वाजवता करंगळीनेच आवाज चढवता उतरवता येतो, व्हायोलिनसारखा स्वेल (हळूहळू फुलत जाणारा आवाज) काढायचा तर ह्याला तोड नाही, पण जोरात स्ट्रमिंग करताना हात हमखास त्याला लागतो आणि आवाज आपोआप पडतो, पिकअप (तारांचा आवाज टिपणारा भाग) बदलायच्या स्विचचंही तेच. लेस पॉलमध्ये ४ नॉब, जरा लांब, आणि टॉगल (पिकअप बदलायचा) स्विच वर गिटारच्या खांद्यापाशी, त्यामुळे हात मोकळा. करंगळी मात्र पोचत नाही (माझी तरी नाही). पण एका पिकअपचा व्हॉल्यूम कमी ठेवला की टॉगल मारून ऱ्हिदमवरून (साथीचा हळू आवाज) थेट लीडवर (सोलोचा मोठा आवाज) जाता येतं, हे स्ट्रॅटच्या एकाच व्हॉल्यूमवर जमत नाही. मला तरी स्ट्रॅटच बरी वाटते.