टीएलआरचा आरसा फुटला: नवा कुठून घ्यायचा?

आजोबांची याशिका माळ्यावरून काढली, हूड उघडलं आणि आत आरशाचे तुकडे खुळखुळले, तर कॅमेरा भंगारात गेला असं समजू नका. दोन लेन्सच्या या कॅमेऱ्यात (ट्विन लेन्स रिफ्लेक्स, म्हणजेच टीएलआर) खालच्या लेन्सचा प्रकाश थेट फिल्मवर पडतो. आरसा लागतो तो फक्त वरच्या लेन्सला. तो 45 अंशांत कललेला असतो आणि समोरचं दृश्य वरच्या ग्राउंड ग्लासवर, म्हणजे आपण ज्यात पाहतो त्या दुधी काचेवर फेकतो. म्हणजे आरसा नसला तरी फोटो निघतो, फक्त आपल्याला दिसत काही नाही. 1929च्या पहिल्या रोलायफ्लेक्सपासून 1980च्या दशकापर्यंत निघालेल्या याशिका-मॅट 124जीपर्यंत ही रचना तीच आहे.

पुण्यात बसून नवा आरसा मिळवायच्या वाटा पाच-सहा आहेत. त्यातली सगळ्यात स्वस्त वाट कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याकडे जाते आणि बहुतेक लोक तिथेच फसतात. त्याच्याकडच्या आरशाचा पारा काचेच्या मागे असतो, तर कॅमेऱ्याला लागतो तो काचेच्या पुढच्या अंगावर ॲल्युमिनियमचा लेप दिलेला. त्याला फ्रंट सरफेस मिरर म्हणतात. साध्या आरशात मुख्य प्रतिमा मागच्या पाऱ्यावरून येते, पण काचेचा पुढचा पृष्ठभागही चार-पाच टक्के प्रकाश परतवतो. काच 2 मिमीची असेल तर ही दुसरी, फिकी प्रतिमा पहिलीपासून जवळपास दीड मिलिमीटर वर किंवा खाली सरकलेली दिसते. दिवे, पांढरे कपडे, आकाशासमोरच्या तारा यांची जोडी झालेली पाहत फोकस करायचा म्हणजे डोक्याला ताप. कॅमेरा फक्त शोकेसमध्ये ठेवायचा असेल तर मात्र फ्रेमवाल्याचा आरसा खुशाल लावा.

हातातला आरसा कुठल्या जातीचा आहे हे ओळखणं सोपं आहे. टोक केलेली आगकाडी आरशाच्या अगदी कडेला हलकेच टेकवा. काडीचं टोक आणि प्रतिबिंबाचं टोक यांत फट दिसली तर पारा मागे आहे. दोन्ही टोकं एकमेकांना भिडली तर लेप पुढे आहे. परीक्षा कडेलाच घ्यायची, कारण हा लेप मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा पातळ असतो आणि एक ओरखडा पडला की तो कायमचा.

पण नुसता लेप पुढे असून भागत नाही, आणि निवड खरी इथे अडते. आरसा पाठीमागच्या पत्र्यावर टेकवून पुढून चिमट्यांनी धरलेला असेल, तर काचेची जाडी फोकसमध्ये ढवळाढवळ करते. नवा आरसा जुन्यापेक्षा अर्धा मिलिमीटर जाड निघाला, तर वरच्या लेन्सपासून ग्राउंड ग्लासपर्यंतचं अंतर सुमारे 0.7 मिमीने घटतं. 80 मिमीच्या लेन्सवर त्याचा अर्थ असा, की वर सिंहगडावरचा टीव्ही टॉवर काटेकोर दिसत असतो आणि खाली फिल्मवर फोकस असतो 9 मीटरवरच्या झाडाला. एफ/16वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक असताना, ही चूक झाकली जाते. एफ/3.5वर, म्हणजे छिद्र मोठं ठेवून कुणाचा चेहरा टिपायला गेलात की उघडी पडते, तीही रोल धुऊन आल्यावर. काही कॅमेऱ्यांत उलट व्यवस्था असते. आरशाचं पुढचं अंग खाचेला टेकतं आणि मागून स्प्रिंग दाबते. तिथे जाडीचा प्रश्नच नाही. तुमच्या कॅमेऱ्यात काय आहे ते हूडचे स्क्रू काढून आधी पाहा. आणि फुटलेल्या आरशाचा एक तरी तुकडा जपून ठेवा. त्याची जाडी व्हर्नियरने मोजायची आहे. भोसरी-चिंचवडच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये ते काम दोन मिनिटांत होतं आणि कुणी पैसेही मागणार नाही.

जाडीचा आकडा खिशात आला की बाकीच्या वाटा तोलता येतात.

परदेशातले काही विक्रेते ठरावीक मॉडेलच्या मापाने कापलेला फ्रंट सरफेस आरसा ऑनलाइन विकतात. टीएलआरचा आरसा बहुधा समलंब चौकोनी असतो, लेन्सकडे अरुंद आणि मागे रुंद, त्यामुळे आयता कापलेला मिळणं ही मोठी सोय आहे. टपालखर्च आणि कस्टम ड्युटी मिळून आरशापेक्षा पार्सल महाग पडू शकतं, आणि वाट पाहावी लागते ती वेगळीच. तरीही रोलायफ्लेक्स किंवा मिनोल्टा ऑटोकॉर्ड असेल आणि त्यावर नेमाने फोटो काढायचे असतील, तर मी हीच वाट धरेन. मागवताना मॉडेलच्या नावावर विसंबू नका. जाडी विचारा आणि मगच पैसे भरा.

भंगारातून आरसा काढणं हा पुणेकराला शोभणारा मार्ग, पण कुठल्या यंत्रातून काढायचा ते आधी ठरवा. जुन्या स्कॅनरमधला आरसा हवा तसाच पुढच्या लेपाचा असतो, फक्त त्याची पट्टी असते बोटभर रुंद. तुम्हाला हवा असतो त्याच्या दुप्पट-तिप्पट. त्यामुळे स्कॅनर फोडायचे कष्ट वाया. कॉलेजांनी मोडीत काढलेल्या ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या डोक्यातला आरसा पुरेसा मोठा असतो, मात्र काच बऱ्याचदा जाड निघते. सगळ्यात बरा पोलरॉइड 600 कॅमेऱ्याच्या पोटातला. तोही पुढच्या लेपाचा, मोठा आणि आधीच समलंब आकाराचा. चालू पोलरॉइड यासाठी मोडणं मात्र पाप आहे, बंद पडलेलाच शोधा.

मिळालेला आरसा कापावा लागणारच. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून तो कॅमेऱ्यात बसवून पाहा, आणि काच त्याहून केसभर कमीच ठेवा. लेपाची बाजू स्वच्छ मऊ कागदावर पालथी टाकून मागच्या बाजूने हिरकणीची एकच रेघ मारायची आणि मोडायची. काचवाल्याकडून कापून घेणार असाल तर समोर उभं राहून घ्या. नाहीतर तो सवयीने शेवटी फडक्याने आरसा चकचकीत पुसून देईल आणि लेपाची वाट लागेल. धूळ हवेच्या फुग्यानेच उडवायची.

तिसरी वाट डोनर बॉडीची. शटर अडकलेला, लेन्सला बुरशी धरलेला त्याच मॉडेलचा कॅमेरा घ्यायचा आणि त्याचा आरसा आपल्यात घालायचा. जाडी तीच, आकार तोच, कापाकापी नाही, शिवाय नॉब, स्क्रू आणि ग्राउंड ग्लास हाताशी राहतात. रविवारी किंवा बुधवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात चक्कर मारली तर असा कॅमेरा कधी दिसतोही. पण प्री-वेडिंग शूट आणि कॅफेच्या सजावटीमुळे मेलेल्या कॅमेऱ्यालाही अँटिकचा भाव आलाय. दुसरी अडचण म्हणजे त्याचा आरसाही तितकाच म्हातारा असतो. घासाघीस करण्याआधी हूड उघडा आणि आत पाहा. लेपावर दुधी झाक किंवा कडेने काळे डाग असतील तर सोडून द्या.

आरसा न बसवताही कॅमेरा वापरता येतो, हे कुणी फारसं सांगत नाही. बहुतेक टीएलआरच्या हूडची पुढची झडप आत ढकलली की डोळ्याच्या उंचीवरून पाहायची चौकट तयार होते. फोकसच्या नॉबवर अंतर लिहिलेलं असतंच. 400 आयएसओची फिल्म, पुण्याचं दुपारचं ऊन, एफ/16 आणि शटर 1/500 सेकंद, अंतर 8 मीटरवर. आता 4 मीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. तुळशीबागेतली गर्दी टिपायला याहून जास्त काही लागत नाही. नवा आरसा येईपर्यंत रोल थांबवून ठेवायची गरज नाही, एवढाच याचा उपयोग. जवळच्या पोर्ट्रेटला हे कामाचं नाही.

आरसा कुठूनही आणा, बसवल्यावर फोकस तपासावाच लागतो. मागचं दार उघडून फिल्मच्या रुळांवर दुधी टेप लावलेली सपाट काच धरा, शटर ‘बी’ या खुणेवर लावून उघडं ठेवा आणि भिंगातून गच्चीवरून दिसणारी पर्वती पाहा. खाली पर्वती स्पष्ट असताना वरच्या ग्राउंड ग्लासवरही ती तितकीच स्पष्ट हवी. नसेल तर वरची लेन्स सैल करून किंचित फिरवावी लागते. काही मॉडेलांत त्यासाठी समोरचं लेदर सोलून पॅनेल काढावं लागतं, आणि घरी करण्याच्या कामाची हद्द तिथे संपते.

म्हणून रिपेअरवाल्याकडे जायचं की नाही हे आरसा बसवता येतो का यावरून ठरवू नका, ही शेवटची तपासणी जमते का यावरून ठरवा. फिल्म कॅमेरे उघडणारे हात पुण्यात कमी उरलेत, प्रसंगी मुंबईला फोर्टात जावं लागेल. कॅमेरा हातात देण्याआधी दोन गोष्टी विचारा: आरसा पुढच्या लेपाचा लावणार का, आणि फिल्मच्या जागी काच धरून फोकस जुळवणार का? पहिल्या प्रश्नाला ‘आरसा तो आरसा, साहेब’ असं उत्तर आलं, तर चहाला हो म्हणा आणि कॅमेरा परत घेऊन या.