सीगल की जॉन्सन: घरी चालती करण्यासाठी जुनी आउटबोर्ड मोटर निवडताना

जुनी आउटबोर्ड मोटर, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून अडकवायचे इंजिन, घरच्या घरी पुन्हा चालती करू पाहणाऱ्यासमोर बहुधा दोन पर्याय येतात. एक म्हणजे ब्रिटिश सीगल, विशेषतः तिची ‘फॉर्टी प्लस’. दुसरा म्हणजे १९५४ पासून निघालेली साडेपाच अश्वशक्तीची जॉन्सन ‘सी-हॉर्स’, जी थोड्या वेगळ्या वेशात एव्हिनरूडच्या नावानेही विकली जात असे. या दोन्ही मोटरी मी पूर्ण खोलून पुन्हा जोडल्या आहेत, आणि दोन्हींवर होडी चालवली आहे.

सीगलच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. एकच सिलिंडर, फ्लायव्हील या जड चाकाखाली ठिणगीसाठी वीज तयार करणारा व्हिलियर्स कंपनीचा मॅग्नेटो आणि पितळी टाकीतून स्वतःच्या वजनाने कार्ब्युरेटरमध्ये उतरणारे पेट्रोल, एवढ्यात तिची रचना संपते. माझ्याकडे आलेली मोटर बरीच वर्षे पडून होती. कार्ब्युरेटर धुतला, पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारे संपर्कबिंदू) घासून त्यांच्यातले अंतर ०.५ मिलिमीटरवर आणले, नवा प्लग बसवला आणि ती दुसऱ्याच संध्याकाळी पाण्याच्या पिंपात बोलू लागली. ज्याने आयुष्यात कधी इंजिन उघडलेले नाही, त्याला हे काम शिकवण्यासाठी याहून चांगली मोटर मला तरी सांगता येणार नाही.

जॉन्सनने माझी अधिक परीक्षा पाहिली. दोन सिलिंडर म्हणून पॉइंटच्या दोन जोड्या आणि ठिणगीची वीज पुरवणाऱ्या दोन कॉइल आल्या, आणि त्या काळातील या कॉइलचे आवरण वयाने तडकलेले असतेच, असे धरून चालावे. माझ्या मोटरीच्या दोन्ही बदलाव्या लागल्या. पाण्याच्या पंपाचा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पात्यांचे चाक, पाहण्यासाठी खालचा भाग उतरवावा लागतो आणि ॲल्युमिनियममध्ये रुतून बसलेले पोलादी स्क्रू सहजासहजी सुटत नाहीत. मी चार दिवस तेल सोडत राहिलो, आवरण गरम केले, तरीही एक स्क्रू तुटला, तो ड्रिलने कोरून काढावा लागला आणि नव्याने आटे पाडावे लागले. शिवाय १९५० च्या दशकातील या मोटरींना दुहेरी नळीची टाकी असते. क्रँककेसमधील (पिस्टनखालच्या बंद कप्प्यातील) दाब एका नळीने टाकीत जातो आणि तो दाब पेट्रोलला दुसऱ्या नळीने मोटरीकडे ढकलतो. झाकणाचे रबर जरा जरी कडक झाले तरी दाब टिकत नाही आणि मोटर उपाशी राहते. अनेकजण येथे वेगळा पेट्रोल पंप बसवतात. मी मात्र रबर आणि गॅस्केट बदलून मूळची टाकीच ठेवली.

इथवर पाहिले तर पारडे सीगलकडेच झुकते. माझा निर्णय फिरला तो गिअरबॉक्समधील तेलामुळे.

सीगल पहिल्यांदा पाण्यातून फिरवून आणल्यावर मी तेलाचा स्क्रू उघडला, तेव्हा आतून दुधाळ, पिवळसर पांढरे मिश्रण बाहेर आले. माझ्या हातून जोडणीत चूक झाली असावी, असे वाटून मी गिअरबॉक्स पुन्हा उघडला, जोडाची तोंडे घासून सपाट केली, दांडा ज्यात फिरतो ते बुश नवे घातले, आणि पुढच्या फेरीनंतरही तेच मिश्रण दिसले. तिसऱ्यांदा खोलल्यावर उमगले की दोष माझ्या हाताचा नव्हताच. प्रोपेलरच्या दांड्यावर पाणी अडवणारी रबरी सीलच नाही. एसएई १४० (तेलाच्या दाटपणाचा क्रमांक) इतके जाड तेल स्वतःच पाणी थोपवते, थोडे पाणी आत येते, थोडे तेल बाहेर जाते, आणि मालकाने ते वरचेवर भरत राहायचे, अशीच ती रचना आहे. त्या मिश्रणावरही गिअर वर्षानुवर्षे टिकतात, हे मान्य केले पाहिजे.

पण दुरुस्ती करणाऱ्याला आपले काम नीट झाले की नाही, हे कळण्याची काही खूण हवी असते. जॉन्सनमध्ये सील असते. म्हणून हंगामाच्या शेवटी तेल स्वच्छ निघाले तर सील धरून आहे, आणि दुधाळ निघाले तर कुठेतरी पाणी शिरते आहे, असे ती स्पष्ट सांगते. सीगलमध्ये दुधाळ तेलाचा अर्थ सगळे ठीक आहे असाही होतो आणि बुश झिजले आहेत असाही होतो. त्यातच माझ्या जुन्या सीगलला पेट्रोलच्या दहा भागांना एक भाग तेल लागत असे, तर जॉन्सनला चोवीस भागांना एक. स्थिर पाण्यावर होडीमागे पसरणारा तेलाचा रंगीत तवंग पाहणे मला दिवसेंदिवस जड जाऊ लागले. नंतरच्या सीगल पंचविसास एक या मिश्रणावर चालतात, आणि जुनीतही कार्ब्युरेटरचे भाग बदलून तशी सोय करता येते. तरी गिअरबॉक्सचे तेल तर जातच राहते.

सोयींबद्दल थोडक्यात सांगतो. जॉन्सनला न्यूट्रल आणि रिव्हर्स आहेत, दोरी आपोआप गुंडाळली जाते. साध्या सीगलमध्ये क्लच नसल्याने मोटर सुरू होताच होडी निघते, आणि धक्क्याजवळ ही गोष्ट नवख्याला अवघड जाते. उलट वजनाने आणि हाताळणीने सीगल सोपी आहे, आणि डिंगीसारख्या छोट्या होडीला तेवढी शक्ती पुरतेही.

ज्याला आठवड्याभरात मोटर चालू झालेली पाहायची आहे, त्याने सीगल घेतली तर मी त्याला अडवणार नाही. पण महिना-दोन महिने देण्याची तयारी असेल, तर मला वाटते जॉन्सन घ्यावी. घेताना मालकाची परवानगी घेऊन गिअरबॉक्सचा खालचा स्क्रू थोडा सैल करून पाहावा. पाणी तेलाखाली बसते, म्हणून आत असल्यास आधी तेच टपकेल. सपाट खाचेचाच स्क्रू सोडावा. या जातीच्या अनेक मोटरींना त्याच्या शेजारी फुलीच्या खाचेचा एक स्क्रू असतो, तो तेलाचा नसून आतील गिअर बदलण्याच्या यंत्रणेला धरून ठेवणारा असतो, आणि तो सुटला की सगळा खालचा भाग उघडावा लागतो.