पोर्तुगीज खुणा: वसई की मुंबई?

१५३४ च्या तहात गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि मुंबईची बेटं एकदमच पोर्तुगीजांना दिली. पुढचं नशीब मात्र वेगळं.

वसई त्यांची लाडकी. उत्तरेकडच्या प्रांताची राजधानी, तटबंदीच्या आत चर्च, मठ आणि श्रीमंतांचे वाडे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. इथली एक घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आजही टांगलेली आहे. किल्ल्यात फिरताना छप्पर नसलेली चर्चं आणि दगडी कमानी दिसतात.

मुंबई म्हणजे भाडेपट्ट्याने दिलेली, नारळी-भातशेतीची बेटं. एक भाडेकरू वैद्य आणि वनस्पतितज्ज्ञ गार्सिया द ओर्ता. १६६१ मध्ये पोर्तुगीज राजकन्येच्या विवाह-करारात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण गेली. गोव्याच्या व्हाइसरॉयने बराच विरोध केला, १६६५ पर्यंत ताबा रखडवला. (त्याला बंदराची किंमत कळली होती, लिस्बनला नाही!) मुंबईच्या उत्तरेचं साष्टी बेट मात्र पोर्तुगीजांकडेच राहिलं. मुंबईतल्या खुणा शोधाव्या लागतात: दादरचं 'पोर्तुगीज चर्च' सोळाव्या शतकातलं, पण आजची इमारत आधुनिक, वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी रचलेली.

एकच दिवस असेल तर माझं मत वसईला. किल्ल्यात सावली कमी, तेव्हा सकाळीच निघा.