इंडियन आर्मी लाँग सर्व्हिस मेडल: घेताना मागची बाजू, कड आणि रिबन नीट बघा

ब्रिटिशांच्या काळात आपल्या शिपायांना लाँग सर्व्हिस अँड गुड कंडक्टचं, म्हणजे दीर्घ सेवा आणि चांगल्या वर्तणुकीचं, चांदीचं मेडल द्यायचे, त्यातलं पंचम जॉर्जच्या वेळचं एक पुण्यात नाण्यांच्या प्रदर्शनात मिळालं आणि मी जाम खुश आहे. गोऱ्या सैनिकांसाठी असं मेडल 1830 पासून होतं, आपल्या लोकांसाठी वेगळं निघालं ते 1888 मध्ये. गोऱ्यांच्याच्या मागे नुसती अक्षरं, पण आपल्याच्या मागे मधोमध 'इंडिया', भोवती कमळाची फुलं नि पानं, त्याबाहेर झावळ्या, काय सुंदर काम आहे ते! पुढे राजाचा चेहरा आणि कैसर-ए-हिंद (हिंदुस्थानचा सम्राट) ही पदवी आहेच, पण मला विचाराल तर खरी बाजू मागचीच. कमळामुळे ते इथल्या माणसाचं वाटतं.

आणि हे काही एका दिवसाच्या पराक्रमाचं नाही हो, वर्षानुवर्षं पहारे, कवायती, घरापासून लांब राहणं आणि रेकॉर्डवर डाग न लागू देणं, याचं आहे. म्हणून कडेवर कोरलेला नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण मला सगळ्यात मोलाची वाटते. माझ्या मेडलवर 105 वी मराठा लाइट इन्फंट्री ही पलटण आहे, म्हणजे 1922 च्या आधीचं, कारण त्या साली पलटणींचे नंबर बदलले आणि ही पाचव्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. कोकणातला असेल की घाटावरचा, कोण जाणे, पण आपलाच कुणीतरी.

रिबनकडे मात्र नीट लक्ष द्या. आधी ती सरसकट किरमिजी होती, व्हिक्टोरिया क्रॉसच्या (ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकाच्या) रिबनसारखीच दिसायची, छातीवर मेडलशिवाय नुसती रिबनची पट्टी लावली की फरक कळेना, म्हणून 1916 मध्ये दोन्ही कडांना पांढरे पट्टे आले. त्यामुळे राणी व्हिक्टोरियाच्या मेडलला पांढऱ्या कडांची रिबन दिसली तर ती नंतर बदललेली समजा, पंचम जॉर्जच्याला दोन्ही चालतात. रिबन नवी असली तरी एक वेळ चालेल, पण कडेवरचं नाव घासून दुसरं कोरलेलं असेल तर अजिबात घेऊ नका, भिंग घेऊनच जा. आणि घरी आणल्यावर पॉलिश नको, आधीच झिजलेली अक्षरं त्याने अजून जातात.