एडिसनमध्ये बेबीसिटरचा पगार ‘बुक्सवर’: पेरोल सेवेचा अनुभव

आधी निकाल सांगते. घरगुती पेरोल सेवा, म्हणजे घरच्या कामगाराचा पगार आणि त्यावरचे कर यांचं काम बघणारी कंपनी, घ्यावी का? पहिल्या वर्षी तरी नक्की घ्यावी. पाचपैकी साडेतीन गुण. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण कौतुकाबरोबर तक्रारीही आहेत. शिवाय या धंद्यातल्या चार-पाच कंपन्यांचं काम साधारण एकाच पद्धतीचं असतं.

आम्ही दोघंही नोकरी करतो. मुलगी पाच वर्षांची, मुलगा दोनचा. मुलांना सांभाळायला मावशी येतात, सोमवार ते शुक्रवार, रोज आठ तास. त्या मूळच्या ठाण्याच्या. त्यांच्या मुलाने बोलावून घेतलं म्हणून ग्रीन कार्डावर आल्या आणि आता इथेच स्थायिक आहेत. न्यू जर्सीतल्या एडिसन-इझलिन भागात बेबीसिटर शोधताना पहिला प्रश्न ठरलेला: कॅश ना? ओळखीतल्या बहुतेक घरांत कॅशच चालते. आम्ही चेकने, सगळे कर भरून, म्हणजे ‘बुक्सवर’ पगार द्यायचं ठरवलं, तर मैत्रिणी म्हणाल्या, “कशाला डोक्याला ताप?” हा ताप नेमका किती, हेच इथे आकड्यांत मांडते.

२०२५ साली एखाद्या घरगुती कामगाराला वर्षभरात २,८०० डॉलर किंवा जास्त रोख पगार दिला, की सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा सरकारी आरोग्य विमा) यांचा कर लागू होत होता. दोन्ही मिळून ७.६५ टक्के मालकाचे आणि तेवढेच कामगाराच्या पगारातून. १०९९, म्हणजे स्वतंत्र कंत्राटदाराला द्यायचा फॉर्म, देऊन मोकळं होऊ, असा सल्ला पुष्कळ जण देतात. तो चुकीचा आहे. काम काय करायचं आणि कसं करायचं हे आपण ठरवतो, त्यामुळे आयआरएसच्या, म्हणजे केंद्राच्या करखात्याच्या, लेखी बेबीसिटर आपली कर्मचारीच, आणि तिला डब्ल्यू-२, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या करांचा वार्षिक दाखला, द्यावा लागतो.

मावशींचा दर तासाला २० डॉलर. आठवड्याचे ८००, वर्षाचे ४१,६००. त्यावर आमचे ७.६५ टक्के म्हणजे सुमारे ३,१८२ डॉलर. केंद्राचा बेकारी कर पहिल्या ७,००० डॉलरवर असतो आणि राज्याचा कर वेळेत भरला, तर तो ०.६ टक्क्यावर येतो, म्हणजे ४२ डॉलर. शिवाय न्यू जर्सीच्या बेकारी आणि तात्पुरत्या अपंगत्वाच्या निधीतला मालकाचा हिस्सा आणि कामगार विमा (कामावर दुखापत झाली तर). सगळं धरून आम्हाला पगाराच्या वर साधारण अकरा-बारा टक्के पडतात. सेवेची फी महिन्याला साठ डॉलरच्या आसपास, वर्षअखेरीच्या कागदांचे शंभर वेगळे.

आता यातलं परत किती येतं ते बघा, कारण हा भाग कुणीच सांगत नाही. नवऱ्याच्या कंपनीत डिपेंडंट केअर एफएसए आहे, म्हणजे मुलांच्या सांभाळासाठी पगारातून कर न लागता पैसे बाजूला ठेवायची सोय. २०२५ची मर्यादा ५,००० डॉलर होती. आयकराच्या २४ टक्क्यांच्या टप्प्यात, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर वाचतात ते धरून, यातून सुमारे १,५८० डॉलर वाचले. दोन मुलांमागे चाइल्ड केअर क्रेडिटसाठी (सांभाळाच्या खर्चावर मिळणारी करसवलत) ६,००० पर्यंतचा खर्च धरतात. त्यातले एफएसएचे ५,००० वजा करून उरलेल्या हजारावर २० टक्के, म्हणजे आणखी २००. केंद्राकडे भरलेल्या आमच्या हिश्श्यातला निम्म्याहून जास्त पैसा असा परत आला. आणि हे मिळवायला फॉर्म २४४१ वर सांभाळणाऱ्या व्यक्तीचा सोशल सिक्युरिटी नंबर लिहावा लागतो. कॅश देणाऱ्याला ही सवलत नीटपणे मागताच येत नाही.

सेवेचं मला सर्वात आवडलेलं काम म्हणजे हिशेबाचं पान. एका बाजूला ठरलेला पगार, दुसऱ्या बाजूला हातात पडणारी रक्कम. मावशींचा पहिला प्रश्न तोच होता: “ताई, हातात किती पडणार?” ते पान उघडून आम्ही स्वयंपाकघरात शेजारी बसलो आणि दर वरखाली करून पाहिले. घरकामाच्या पगारातून आयकर कापणं सक्तीचं नाही, दोघांची संमती असेल तरच कापतात. मात्र तो कापला नाही, तर एप्रिलमध्ये त्यांना एकदम भरावा लागतो. मावशींनी कापायला सांगितलं, आम्ही त्या मानाने दर वाढवला, आणि दोघींच्या मनासारखा आकडा निघाला.

मालक म्हणून कराचा नंबर काढणं, राज्यात नोंदणी, नवीन कर्मचाऱ्याची खबर, दर शुक्रवारी थेट बँकेत पगार आणि पे-स्टब (पगाराची चिठ्ठी), दर तिमाहीचे अंदाजी कर, जानेवारीअखेर डब्ल्यू-२ आणि राज्याचा एनजे-९२७-एच, शेवटी आमच्या रिटर्नला जोडायचा शेड्यूल एच, हे सगळं त्यांनी केलं. एकही तारीख चुकली नाही. तिमाहीच्या भरण्याचं महत्त्व लक्षात घ्या. शेड्यूल एच वर्षातून एकदाच जातो म्हणून पैसे एप्रिलपर्यंत थांबवले, तर कमी भरणा केल्याचा दंड लागू शकतो.

आता तक्रारी. कराराचा जो नमुना मिळाला, तो साऱ्या देशासाठी एकच. न्यू जर्सीत घरकामगारांच्या हक्कांचा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्यात लेखी करार, जेवणाची आणि विश्रांतीची सुट्टी, कामावरून कमी करताना आगाऊ सूचना हे सगळं येतं. नमुन्यात त्यातलं जवळपास काहीच नव्हतं. राज्याच्या पगारी आजारपण रजेचा हिशेब, दर ३० तासांच्या कामामागे एक तास, हाही मला पे-स्टबवर वेगळा मागून घ्यावा लागला. कामगार विम्यासाठी त्यांनी दुसऱ्या कंपनीचा फोन नंबर दिला आणि हात झटकले. आठवड्यात चाळीस तासांवर काम गेलं, की जादा तासांना दीडपट दर द्यायचा असतो. एका आठवड्यात तो हिशेब चुकला, आणि तो दुरुस्त करून घ्यायला बराच पाठपुरावा करावा लागला. फोनवरची माणसं नम्र आहेत, पण दर वेळी नवीन माणूस आणि सगळी कथा पहिल्यापासून. दीड गुण गेला तो इथे.

१९९३ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी अॅटर्नी जनरलपदासाठी (देशाच्या न्यायखात्याचं मंत्रिपद) झोई बेअर्ड यांचं नाव पुढे केलं होतं. घरकामाला ठेवलेल्या जोडप्याकडे देशात राहण्याची कागदपत्रं नव्हती आणि त्यांचे सोशल सिक्युरिटी करही भरलेले नव्हते, म्हणून बेअर्ड यांना माघार घ्यावी लागली. तेव्हा तिमाहीला ५० डॉलर पगार दिला तरी कर लागू व्हायचा. १९९४ मध्ये कायदा बदलून मर्यादा वर्षाला १,००० केली. ‘नॅनी टॅक्स’ हे नाव त्याच गदारोळात घरोघरी पोचलं. आपल्याला कुठे मंत्री व्हायचंय, असं लोक म्हणतात. मला हा मुद्दा मालकाच्या बाजूचा वाटतच नाही.

मावशी आज पंचावन्न वर्षांच्या आहेत. सोशल सिक्युरिटीचं पेन्शन आणि पासष्टीनंतर मेडिकेअरचा हॉस्पिटलचा भाग बिनाहप्ता मिळायला स्वतःच्या कामावर ४० क्रेडिट (नोंद झालेल्या कमाईचे गुण) लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार. २०२५ मध्ये एका क्रेडिटला १,८१० डॉलर कमाई लागत होती, म्हणजे ७,२४० डॉलरची नोंद झाली की वर्षाचे चारही जमा. दहा वर्षं नोंद झाली, तर पासष्टीला त्यांचा हक्क तयार. कॅशमध्ये तीच दहा वर्षं त्यांनी दुसऱ्यांची मुलं वाढवली असती आणि खात्यावर शून्य राहिलं असतं.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. न्यू जर्सीचा तात्पुरत्या अपंगत्वाचा निधी सरासरी पगाराच्या ८५ टक्के देतो, त्यांच्या बाबतीत आठवड्याला ६८० डॉलर. अर्जातला मालकाचा भाग सेवेने त्याच दिवशी भरून दिला. पैसे सुरू झाले तेव्हा मावशींचा मुलगा आम्हाला भेटायला आला. आईला इथे स्वतःच्या नावावर काही मिळतं, हे त्याला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या वर्षीही आम्ही सेवा चालू ठेवली आहे. करार मात्र आम्ही स्वतः, राज्याचा कायदा समोर ठेवून लिहिला आणि मावशींसाठी मराठीतही केला. आठवड्यातून थोडेच तास कुणाला ठेवत असाल आणि फॉर्म भरायची सवय असेल, तर आयआरएसची पुस्तिका क्रमांक ९२६ फुकट मिळते आणि सोप्या भाषेत आहे. तेवढ्यावर काम भागेल. पूर्णवेळ कुणी असेल, तर सेवा घ्या, आणि कंपनीतल्या ओपन एनरोलमेंटची, म्हणजे एफएसएसारख्या सोयी निवडायच्या मुदतीची, तारीख आधी बघा. २०२६ पासून एफएसएची मर्यादा ७,५०० झाली आहे, पण खिडकी बंद झाली की बहुतेक वेळा वर्षभर थांबावं लागतं.