आठ की दहा? सिंहगडच्या दरीपासून भिगवणच्या पाण्यापर्यंत

"आत्या, कुठंय?" सिंहगडच्या दरीत ओढ्याच्या कडेला उभी राहून माझी भाची चौथ्यांदा विचारत होती. समोर जेमतेम २० मीटरवर झुडपात नाचण शेपटीचा पंखा उघडत-मिटत इकडून तिकडे उड्या मारत होता. तिच्या गळ्यात माझी १०×४२ दुर्बीण होती. ती डोळ्यांना लावायची, तिला पानं दिसायची, ती पुन्हा खाली घ्यायची. मी गळ्यातली ८×४२ काढून तिला दिली. दोन-तीन सेकंद गेले आणि ती गप्प झाली. नवीन माणूस असं गप्प झालं की समजावं, पक्षी सापडला.

पहिली दुर्बीण घेणारा प्रत्येक जण मला हेच विचारतो: आठची घेऊ की दहाची? मी आधी उलट विचारते, तुम्ही रविवारी सकाळी जाता कुठे? पुण्यात राहणाऱ्याला एका बाजूला वेताळ टेकडी आणि सिंहगडची दरी आहे, दुसऱ्या बाजूला कवडीपाट आणि भिगवणचं पाणी, शिवाय सुप्याकडचे उघडे माळ. या दोन्हींसाठी लागणारी नजर वेगळी असते, आणि आकडा त्यावरूनच ठरायला हवा.

आकड्यांचा अर्थ सोपा आहे. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. १०० मीटरवरची घार आठच्या दुर्बिणीतून साडेबारा मीटरवर असल्यासारखी दिसते, दहाच्या दुर्बिणीतून १० मीटरवर. कागदावर एवढाच फरक आहे. दुकानात मात्र दहा हा आकडा ऐकायला भारी वाटतो, आणि माणूस तीच दुर्बीण घेऊन घरी येतो.

दहाच्या दुर्बिणीत जे हरवतं ते आधी सांगते, कारण दुकानदार ते सांगत नाही. पहिली गोष्ट, दिसणाऱ्या वर्तुळाची रुंदी. माझ्या आठच्या दुर्बिणीचा कोन ८ अंश आहे, म्हणजे १००० मीटरवर साधारण १४० मीटरचा पट्टा दिसतो. दहाच्या दुर्बिणीचा कोन साडेसहा अंश, म्हणून पट्टा ११४ मीटरच्या आसपास. हे आकडे लांबचे आहेत म्हणून सोडून देऊ नका. नाचण बसला होता त्या २० मीटरवर आठचं वर्तुळ सुमारे २.८ मीटर रुंद होतं आणि दहाचं २.३ मीटर. क्षेत्रफळ काढा, दीडपट फरक येतो. वटवट्या, शिंजीर, चष्मेवाला हे एका फांदीवर दोन सेकंद टिकत नाहीत. त्यांना आधी शोधावं लागतं, ओळखणं त्यानंतर. शिवाय आठच्या दुर्बिणीत मागची-पुढची पानं जास्त खोलीपर्यंत स्पष्ट राहतात, त्यामुळे फोकसचं चाक सारखं फिरवावं लागत नाही. माझी भाची दहाच्या दुर्बिणीत अडली ती इथेच.

दुसरी गोष्ट हाताची थरथर. दुर्बीण पक्ष्याबरोबर तुमच्या हाताचा कंपही तितक्याच पटीनं मोठा करते. टेकडी चढून आल्यावर छाती धपापत असते, तेव्हा दहाच्या दुर्बिणीतला सर्पगरुड नुसता हलताना दिसतो. कोपरं छातीला टेकवा, झाडाला पाठ लावा, फरक पडतो. पण उडत्या पक्ष्यामागे वळताना झाड कुठून आणणार?

तिसरी गोष्ट प्रकाश, आणि तिच्याबद्दल मी जरा विस्तारानं लिहिणार आहे. दुर्बीण डोळ्यांपासून हातभर लांब धरून आकाशाकडे रोखा. डोळ्यांकडच्या काचांमध्ये दोन उजळ गोल ठिपके दिसतील. दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागलं की त्या ठिपक्याचा व्यास मिळतो: ८×४२ मध्ये सव्वापाच मिलिमीटर, १०×४२ मध्ये ४.२. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरचीच असते, म्हणून सकाळी दहा वाजता दोन्ही सारख्याच उजळ वाटतात. अंधारू लागलं की बाहुली मोठी होते आणि तेव्हा मोठा ठिपका उपयोगी पडतो. जूनच्या ढगाळ सकाळी वेताळ टेकडीवर झुडपाखालच्या पाचोळ्यात नवरंग टुणटुणत असतो. तिथे आठच्या दुर्बिणीत त्याच्या पोटाखालचा लाल डाग दिसतो, दहाच्या दुर्बिणीत मला कित्येकदा नुसती गडद आकृती दिसली आहे. वयानुसार बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही. त्यामुळे साठीच्या पुढच्या माणसाला या मोठ्या ठिपक्याचा पूर्ण फायदा मिळेलच असं नाही.

आता दहाच्या बाजूनं. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात किंवा सासवडच्या पुढच्या माळांवर गेलात की आठची दुर्बीण कमी पडते, हे मी मान्य करते. तिथे आडोसा नाही, धाविक आणि पखुर्डी हे जमिनीवरचे पक्षी लांबूनच तुम्हाला पाहतात. पक्षी शोधणं सोपं आणि ओळखणं अवघड, म्हणजे दरीच्या बरोबर उलट. हिवाळ्यात भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरून खाली-खाली तरंगत येतो. मादी असेल तर माँटेग्यूचा भोवत्या की पांढुरका, हे चेहऱ्यावरून ठरवावं लागतं: पांढुरक्याच्या गडद गालामागे फिकट पट्टा गळपट्ट्यासारखा उठून दिसतो. दीडशे मीटरवरून तो पट्टा मला दहाच्या दुर्बिणीत दिसला आहे आणि त्याच पक्ष्यावर आठच्या दुर्बिणीत मी 'भोवत्या मादी' एवढंच वहीत लिहून थांबले आहे. तुमचे बहुतेक रविवार माळावर जात असतील, तर बिनदिक्कत १०×४२ घ्या.

भिगवणचं उत्तर लोकांना वाटतं तितकं सरळ नाही. उजनीचं पाणी अफाट पसरलेलं, रोहित लांब, म्हणून सगळे दहाची किंवा बाराची घेऊन येतात. पण कुंभारगावला किंवा डिकसळला तुम्ही स्थानिक मच्छीमारांच्या होडीत बसता. होडी लाटेवर हलते आणि पक्ष्यांच्या बऱ्यापैकी जवळ जाते. मग मोठं दिसण्याची गरज कमी, स्थिर दिसण्याची गरज जास्त. होडीत आठच, काठावरून दहा. मी भिगवणला दोन्ही नेते, पण एकच न्यायची झाली तर आठची उचलते. कवडीपाटला दोन्ही चालतात. तिथे चक्रवाक आणि कवड्या खंड्या दोन्ही दुर्बिणींतून छान दिसतात.

१०×५० बद्दल विचारणारेही पुष्कळ. ठिपका पाच मिलिमीटरचा, म्हणजे दहाची ताकद आणि जवळजवळ आठचा उजेड, हे खरं. पण यातल्या बऱ्याच दुर्बिणी ८०० ग्रॅमच्या वर जातात. चार तास गळ्यात अडकवून सिंहगड उतरा, मग मान काय म्हणते ते बघा. घराच्या गच्चीवरून चंद्र-तारे बघायचे असतील तर मात्र ती उत्तम.

बारा, सोळा, वीस पटीच्या हातात धरायच्या दुर्बिणी घेऊ नका. १० ते ३० पट असं फिरवता येणाऱ्याही नकोत. हे मी अनुभवानं सांगते. वीसेक वर्षांपूर्वी शहरातल्या एका दुकानात मला अशीच झूमवाली दुर्बीण "सगळ्याला चालेल" म्हणून दिली गेली. वर्षभरात तिच्या दोन नळ्या एकमेकींपासून किंचित सरकल्या. दोन डोळ्यांना दोन वेगवेगळी चित्रं दिसायची आणि अर्ध्या तासात डोकं दुखायचं. परत घेतली नाही, दुरुस्तही झाली नाही. दोन नळ्यांमध्ये झूम एकाच मापात फिरवणं हे फार नाजूक काम आहे, स्वस्त दुर्बिणीत ते टिकत नाही. ज्या देशांत शिकार कायदेशीर आहे तिथल्या रायफलवर ३–९×४० असा बदलता स्कोप (नेम धरायची एकनळी दुर्बीण) सर्रास असतो: कमी पटीवर जनावर शोधायचं, वाढवून नेम धरायचा. तिथे ते जमतं, कारण नळी एकच असते. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तो प्रश्नच उरलेला नाही, पण आधी रुंद बघून मग जवळ जावं ही त्यातली समज आपल्याही कामाची आहे.

खरोखर लांबचं बघायचं असेल तर ट्रायपॉडवरचा २० ते ६० पटीचा स्पॉटिंग स्कोप लागतो. भिगवणच्या चिखलात शंभर टिलव्यांमधला एक वेगळा ओळखायचा तर पर्याय नाही. पण ती दुसरी खरेदी, पहिली नव्हे. त्यातही ऊन तापल्यावर पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि साठ पटीला पक्षी उकळत्या पाण्यात बुडाल्यासारखा दिसतो. मी पंचविसाच्या पुढे क्वचित जाते.

चष्मा असणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. माझ्या वडिलांना, वय ७४, मी आधी दहाची दिली होती. चष्म्यामुळे डोळा काचेपासून लांब राहतो, त्यामुळे कडा काळ्या पडायच्या आणि मधलं नाणं तेवढं दिसायचं. माहितीपत्रकात आय रिलीफ नावाचा आकडा असतो, म्हणजे डोळा काचेपासून किती लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते अंतर; तो किमान १५ मिलिमीटर हवा, १७-१८ असेल तर उत्तम. आठच्या दुर्बिणींत तो बहुधा जास्त मिळतो. आता बाबा ८×३२ वापरतात, गॅलरीतून समोरच्या पिंपळावरचा तांबट बघतात. वजनानं हलकी, हात दुखत नाही.

दुर्बीण नायट्रोजन भरलेली, पाणी न शिरणारी आहे का ते विचारा. आपल्या पावसाळ्यात काचेच्या आत बुरशी धरते आणि एकदा धरली की जात नाही. जून ते सप्टेंबर मी दोन्ही दुर्बिणी सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते.

आणि दुकानाच्या आत, ट्यूबलाइटखाली निवडू नका. दुर्बीण घेऊन बाहेर फुटपाथवर या. उजवा डोळा मिटून मधल्या चाकानं डाव्या डोळ्याचं चित्र स्पष्ट करा, मग डावा मिटून उजव्या नळीवरची कडी फिरवा. हे न केल्यामुळे चांगली दुर्बीण धूसर वाटते आणि लोक ती परत ठेवतात. आता आकाशासमोरच्या विजेच्या तारेवर बसलेला कोतवाल शोधा. किती वेळात सापडला ते मोजा. तारेच्या कडेला जांभळी-हिरवी किनार दिसते का बघा, ती जितकी कमी तितकं चांगलं. मग पूर्ण एक मिनिट दुर्बीण खाली न घेता त्याच पक्ष्यावर ठेवा. आठ आणि दहा, दोन्हीला हेच करा. भाचीनं गेल्या महिन्यात केलं. दहाच्या दुर्बिणीत चाळिसाव्या सेकंदाला तिचे हात खाली आले, आणि तिनं ८×४२ चं बिल करायला सांगितलं.